मुलाखतीत आपला तालुका

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेनंतर आयआयएमसारख्या संस्था मुलाखत घेतात. तिथे बऱ्याचदा विचारतात, ‘तुमच्या गावाबद्दल सांगा.’ शहापूरच्या मुलामुलींनो, मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा ही धरणं आपल्याच तालुक्यात आहेत. तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर का येतो, यावर तुमचं मत तयार ठेवा. मुरबाडकरांनो, म्हसा गावच्या जत्रेतला बैलबाजार आठवा. शेतकरी आधी बैलाचे दात बघतो, चालवून पाहतो, मगच भाव बोलतो. व्यवस्थापनातली पारख, मागणी, किंमत, सगळं त्यात आलं; मुलाखतीत तेच सांगा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ म्हणा. इंग्रजी बोलताना अडखळलात तरी घाबरू नका, विचार स्पष्ट हवा. आजच घरच्यांसमोर बसून मोठ्याने सराव करा.