गोळी झाडल्यानंतरचा बाँड



जेम्स बाँडची भूमिका सर्वांत चांगली कोणी केली, हा वाद १९६९पासून चालू आहे. त्या वर्षी शॉन कॉनरीच्या जागी जॉर्ज लेझनबी पडद्यावर आला आणि तुलनेला तोंड फुटलं. इऑन या निर्मितिसंस्थेच्या पंचवीस चित्रपटांत आजवर सहा नटांनी बाँड केला: कॉनरी, लेझनबी, रॉजर मूर, टिमथी डाल्टन, पिअर्स ब्रॉस्नन आणि डॅनिएल क्रेग. वादाचा निकाल बहुतेक वेळा वयावर लागतो. ज्याला आपण पहिल्यांदा पाहिलं तो श्रेष्ठ, असा कौल पिढीगणिक पडत जातो. आवडीला माझा विरोध नाही. पण अभिनयाबद्दल बोलायचं तर मोजमाप कशाचं करायचं, हे आधी ठरवायला हवं.

आपल्याकडे ‘नटसम्राट’मधल्या गणपतराव बेलवलकरांबद्दल असाच वाद रंगतो. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका उभी केली. पुढे दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ती केली. तिथे तुलना शक्य होते, कारण शिरवाडकरांची संहिता एकच आहे. तेच स्वगत, तीच कावेरी, तेच घराबाहेर पडणं. बाँडच्या नटांना ही सोय मिळाली नाही. प्रत्येकाला पटकथा वेगळी, काळ वेगळा, बहुधा दिग्दर्शकही वेगळा. म्हणून सहाही जणांच्या वाट्याला आलेला एखादा समान प्रसंग शोधावा लागतो. गाडी, सूट आणि जुगाराचं टेबल सगळ्यांनाच मिळालं, पण तिथे अभिनयाचा कस लागत नाही. कस लागतो तो माणूस मेल्यानंतरच्या काही क्षणांत. बाँड हा पगारी सरकारी नोकर आहे आणि सरकारने त्याला माणूस मारण्याचा परवाना दिलेला आहे. ही या भूमिकेतली मूळ आणि भयंकर गोष्ट. तो परवाना नटाच्या चेहऱ्यावर कसा दिसतो, ही माझी कसोटी.

ही कसोटी मी बाहेरून आणलेली नाही, ती इयन फ्लेमिंगच्याच लेखनात आहे. फ्लेमिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता. १९५३च्या ‘कॅसिनो रोयाल’ या पहिल्या कादंबरीत बाँड इस्पितळात पडून आहे आणि नोकरी सोडण्याच्या गोष्टी करतो आहे. ज्या दोन हत्यांमुळे त्याला दोन शून्यांचा दर्जा मिळाला, त्यांचा हिशेब तो मांडतो आणि आपण नक्की चांगल्यांच्या बाजूला आहोत का, असा प्रश्न त्याला पडतो. ‘गोल्डफिंगर’ कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तो मायामीच्या विमानतळावर दारू पीत बसला आहे आणि नुकत्याच मारलेल्या मेक्सिकन माणसाचा विचार डोक्यातून जात नाही. छापील बाँड मारतो आणि मग ते ओझं वागवत राहतो.

चित्रपटांनी या ओझ्यावर तोडगा काढला, तो म्हणजे विनोद. शत्रू मेला की बाँडने एक चुरचुरीत वाक्य टाकायचं. ‘गोल्डफिंगर’मध्ये एक मारेकरी पाण्याच्या टबात विजेच्या धक्क्याने मरतो, ‘थंडरबॉल’मध्ये दुसऱ्याला भाला लागतो, आणि दोन्ही वेळा कॉनरी शब्दावर खेळ करून पुढे निघतो. फ्लेमिंगच्या बाँडला हा विनोद जवळजवळ नाहीच. दिग्दर्शक टेरेन्स यंग आणि कॉनरी यांनी तो घडवला. त्याचा उपयोग उघड आहे. हसलेला प्रेक्षक प्रेताकडे पाहत नाही. साठ वर्षांचं यश या युक्तीवर उभं आहे, हे मान्य करूनही मला असं वाटतं की नटाच्या अंगच्या सगळ्यात अवघड कामातून ही युक्ती त्याची सुटका करते.

कॉनरीबद्दल अन्याय होऊ नये. ‘डॉ. नो’मध्ये प्राध्यापक डेंट अंधारात बिछान्यावर सहा गोळ्या झाडतो आणि पाहतो तर बाँड दाराआड खुर्चीत बसलेला. डेंटचं पिस्तूल रिकामं झालं आहे हे मोजून झाल्यावर कॉनरी त्याला गोळी घालतो आणि तो कोसळल्यावर आणखी एक घालतो. चेहऱ्यावरची रेष हलत नाही. १९६२च्या नायकाने निःशस्त्र माणसाला असं मारणं ही मोठी हिंमत होती. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये, रेल्वेच्या डब्यात रॉबर्ट शॉ त्याला गुडघ्यांवर बसवून पिस्तूल रोखतो, तेव्हा भीती गिळून सोन्याच्या नाण्यांचं आमिष दाखवणारा कॉनरी हा अव्वल दर्जाचा नट आहे. पण पाचव्या चित्रपटापर्यंत, ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’पर्यंत, त्या चेहऱ्यावर कंटाळा उतरला होता. भूमिका निर्माण करण्याचा मान त्याचाच. त्यात वाटेकरी नाही. निर्माण करणारा आणि तिच्या तळाशी पोहोचणारा एकच असेल, हे मात्र वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि कॉनरीच्या बाबतीत ते होत नाही. परवाना त्याला जड वाटतच नाही.

लेझनबीला एकच चित्रपट मिळाला, आणि नवपरिणीत पत्नीच्या प्रेताशेजारी बसून पोलिसाला ‘ती विश्रांती घेते आहे’ असं सांगणारा त्याचा शेवट आजही अंगावर येतो. एवढ्या एका प्रसंगावर पदवी देता येत नाही. ब्रॉस्ननची अडचण ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मधल्या दहा सेकंदांत दिसते. ज्या स्त्रीवर त्याचा जीव जडला होता तिला तो गोळी घालतो, लगेच नेमबाजीवरचं खटकेबाज वाक्य बोलतो आणि मग तिच्या कलेवरावर वाकून हळवा होतो. ते वाक्य आणि तो हळवेपणा एकमेकांना खोटं पाडतात. नटाला दोन्ही जमतं, पण कोणत्याही एका गोष्टीवर ठाम राहण्याची मुभा त्याला कोणी दिली नाही.

आता माझ्या मुख्य पुराव्याकडे येतो. बाँडपटांच्या इतिहासात एकदा तरी ‘नटसम्राट’सारखी परिस्थिती जवळजवळ निर्माण झाली. १९८५चा ‘अ व्ह्यू टू अ किल’ हा रॉजर मूरचा शेवटचा आणि १९८७चा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ हा डाल्टनचा पहिला. दोन्हींचा दिग्दर्शक जॉन ग्लेन, लेखक रिचर्ड मेबॉम आणि मायकल विल्सन, संगीतकार जॉन बॅरी, कलादिग्दर्शक पीटर लामॉन्ट. बाँडचा वरिष्ठ एम याच्या खुर्चीत रॉबर्ट ब्राउन आणि त्याला उपकरणं पुरवणाऱ्या क्यूच्या कार्यशाळेत डेस्मंड लुवेलिन, तेही दोन्हींत. शिवाय १९८७ची पटकथा डाल्टनला समोर ठेवून लिहिलेली नव्हती. निवड आधी ब्रॉस्ननची झाली होती; ‘रेमिंग्टन स्टील’ मालिकेच्या कराराने त्याला अडकवलं आणि भूमिका डाल्टनकडे आली. बाँड सेलोच्या पेटीत बसून बर्फावरून घसरत सीमा ओलांडतो, असे मूरच्या वळणाचे प्रसंग त्यात शिल्लक आहेत. म्हणजे बाकी बरंच काही तेच राहिलं आणि नायक बदलला.

दोन्ही चित्रपटांत बाँडचा एक सहकारी मारला जातो. १९८५मध्ये टिबेट नावाचा सरळ, सभ्य माणूस मारला जातो. त्याच्या प्रेतासह बाँडला मोटारीत घालून तळ्यात ढकलतात, आणि पुढच्या मिनिटभरात आपलं सगळं लक्ष बाँड पाण्याखाली टायरमधली हवा कशी ओढतो याकडे लागतं. टिबेट विसरला जातो. १९८७मध्ये व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानात सॉन्डर्स मरतो. हा नियमांवर बोट ठेवणारा अधिकारी, चित्रपटाच्या सुरुवातीला बाँडची तक्रार करायला निघालेला. आता तो हवी ती माहिती घेऊन आला आहे, बाँडने नुकतेच त्याचे आभार मानले आहेत, आणि पुढच्या क्षणी उपाहारगृहाचं सरकतं दार त्याला चिरडतं. हेरांना मृत्यू असं रशियनमध्ये लिहिलेला एक फुगा घरंगळत येतो. डाल्टन तो हातात घेतो, वाचतो आणि मुठीत फोडतो. मग पिस्तूल काढून धावत सुटतो, कुंपणावरून उडी घेतो, फुग्यांच्या रोखाने नेम धरतो, आणि समोर उभे असतात एक लहान मुलगा आणि त्याची आई. डाल्टनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ते मूरच्या सात चित्रपटांत कुठेही नाही. आपण आत्ता काय करणार होतो, हे त्या माणसाला कळलेलं आहे. तो परत येतो तेव्हा नायिका कारा विचारते, निरोप मिळाला का? तो तुटकपणे सांगतो, मिळाला. विनोदासाठी जागा आयती तयार आहे, आणि नट तिथे विनोद करत नाही.

मूरचे चाहते ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ पुढे करतील, आणि त्यांचं बरोबर आहे. रशियन हेर आन्या विचारते, माझ्या प्रियकराला तू मारलंस का? मूर न हसता कबुली देतो. त्याच्यात ती ताकद होती. पण त्याने स्वतः निवडलेला सूर वेगळा होता. उदयपूरला चित्रित झालेला ‘ऑक्टोपसी’ आठवा. कबीर बेदी खलनायकाचा उजवा हात, विजय अमृतराज बाँडचा साथीदार, आणि बाजारातल्या पाठलागात खिळ्यांच्या बिछान्यावरचा साधू, तलवार गिळणारा आणि निखाऱ्यांवरून चालणारा, सगळे हजर. आपला देश तिथे जत्रा होतो, कारण नायकाच्या लेखी सगळं जगच जत्रा आहे. तो सूर मूरने डौलाने सांभाळला. त्या सुरात मृत्यूला वजन येऊ शकत नाही.

डाल्टनवरचा पहिला आक्षेप असा की त्याला विनोद जमत नव्हता. खरं आहे. त्याच्या दोन्ही चित्रपटांत शत्रू मेल्यावरची काही खटकेबाज वाक्यं आहेत आणि ती पडतात. पण ती पडतात कारण हा माणूस तेव्हा हसू शकेल यावर आपला विश्वास बसत नाही. म्हणजे उरलेलं काम त्याने किती पक्कं केलं होतं, याचाच तो दाखला. त्यातल्या दुसऱ्या, ‘लायसन्स टू किल’मध्ये तर हिंसेवरचा सगळ्यात क्रूर विनोद बाँडच्या तोंडी नाहीच. शार्कने लचके तोडलेल्या बाँडच्या मित्राच्या, फेलिक्स लायटरच्या अंगावर खलनायकाची माणसं चिठ्ठी ठेवतात, आणि विनोद त्या चिठ्ठीत असतो. तो वाचणाऱ्या डाल्टनकडे पाहताना आधीच्या चित्रपटांत आपण कशाकशावर हसलो, हे आठवल्यावाचून राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. ‘लायसन्स टू किल’ ही शेवटी सूडकथाच. मग नोकरीच्या ओझ्याचं काय? याचं उत्तर चित्रपटातच आहे. परवाना काढून घेतला जातो तेव्हा बाँड खाजगी सूड घ्यायला निघतो, आणि त्याची किंमत इतर माणसं मोजतात. खलनायक सांचेझवर त्याने धरलेल्या नेमामुळे हाँगकाँगच्या अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांची मोहीम उधळते आणि ते मारले जातात. त्याची साथीदार पॅम बुव्हिए त्याला तोंडावर सांगते की त्याच्या हट्टामुळे आणखी एक व्यवहार फिसकटला. डाल्टन ते ऐकून घेतो. आपण केलेलं नुकसान त्याला पहिल्यांदाच पूर्ण दिसतं. सरकारी परवान्याशिवायही माणूस मारण्याचं ओझं उतरत नाही, इथपर्यंत तो भूमिका घेऊन जातो.

केवळ दोनच चित्रपट, हा आक्षेप मी फारसा मानत नाही. १९८९नंतर मालकीहक्कांच्या कज्ज्यात मालिका सहा वर्षं अडकली आणि १९९४ साली डाल्टनने भूमिका सोडली. नटाचा दर्जा त्याच्या हातात नसलेल्या खटल्यांवर मोजू नये.

क्रेगचा दावा मात्र खरोखर भक्कम आहे. २००६च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये जिन्यावरच्या झटापटीत माणूस गळा दाबून मारल्यावर तो आरशापुढे रक्त धुतो, व्हिस्की घशाखाली ओततो, स्वतःकडे पाहत राहतो. नंतर शॉवरखाली कपड्यांसकट भिजत बसलेल्या सहकारी व्हेस्परशेजारी तो मुकाट्याने जाऊन बसतो. एखादा प्रसंग निवडायचा असता तर मी हाच निवडला असता. पण ही पटकथा तशीच बेतलेली होती. दिग्दर्शक, लेखक, छायाचित्रकार सगळे त्या ओझ्याच्या बाजूने उभे होते. ते नव्हते तेव्हा काय झालं, ते ‘स्कायफॉल’मध्ये पाहा. सेव्हरीन नावाच्या असहाय स्त्रीला डोक्यावर मद्याचा पेला ठेवून गोळी घातली जाते आणि क्रेग उद्गारतो तो वाया गेलेल्या व्हिस्कीबद्दल. शत्रूला गाफील ठेवण्याची ती चाल होती, असं समर्थन करता येईल. मग त्यानंतर उरलेल्या चित्रपटात तिची एकदाही आठवण का निघत नाही? पुढे ‘स्पेक्टर’मध्ये खलनायक बाँडच्या पोरकेपणाशी जोडलेला मानलेला भाऊ निघतो आणि नोकरीची गोष्ट घरगुती होऊन बसते. क्रेगने पटकथेने दिलेलं वजन उत्तम पेललं. डाल्टनने पटकथेत नसलेलं वजन आणलं. तो फ्लेमिंगच्या पुस्तकांकडे परत गेला होता, हे पडद्यावर दिसतं. ‘द लिव्हिंग डेलाइट्स’मध्ये ब्रातिस्लाव्हात खिडकीतल्या बंदूकधारी मुलीला ठार करण्याचा हुकूम असताना तो बंदुकीवर नेम धरतो, आणि एमने नोकरीवरून काढलं तर आभारच मानीन, असं सॉन्डर्सला ऐकवतो. हा प्रसंग फ्लेमिंगच्या त्याच नावाच्या कथेतून आलेला आहे. पण तो वैताग, ती थकलेली चीड डाल्टनची. ती नोकरी सोडायची इच्छा त्याच्या तोंडी खरी वाटते.

म्हणून माझ्या मते बाँडची भूमिका सर्वांत चांगली टिमथी डाल्टनने केली. कॉनरी पहिला, क्रेग डाल्टनच्या सर्वांत जवळ, आणि मूर सर्वांत लाडका, हे सगळं कायम ठेवूनही माझा निकाल हाच राहील. ज्यांना तो पटत नाही त्यांना एक विनंती आहे. ‘अ व्ह्यू टू अ किल’ आणि ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ लागोपाठ पाहा. टिबेटच्या आणि सॉन्डर्सच्या मृत्यूनंतरचं एकेक मिनिट नीट बघा, आणि मग माझ्याशी वाद घाला.