थेंबाथेंबाची कॉफी

आपल्या विदर्भातच, चिखलदऱ्याच्या डोंगरउतारावर, इंग्रजांच्या काळापासून कॉफी पिकते. तरी नागपुरात पाहुण्यांपुढे येतो तो चहाच! आता काही घरांत ओट्यावर ड्रिप कॉफी मेकर आलाय, आणि पहिल्याच दिवशीची तक्रार ठरलेली: "हे तर नुसतं काळं पाणी!"

बहुतेकदा चूक पुडीची असते. दाक्षिणात्य फिल्टरसाठी मिळणारी पूड बारीक आणि अनेकदा चिकोरी मिसळलेली. ती इथे घातली की गाळणीचा कागद तुंबतो आणि गाळ काठावरून वाहतो. या यंत्राला रव्यासारखी जाडसर, बिनचिकोरीची पूड लागते. लिटरभर पाण्याला साधारण ६० ग्रॅम. कागदाची ही गाळणी १९०८ साली जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीची. पहिला प्रयोग मुलाच्या वहीतल्या टीपकागदावर झाला.

यंत्र घेताना रंगरूप पाहू नका, पाणी ९२ ते ९६ अंशांपर्यंत तापतं का ते विचारा. कमी तापलं तर कॉफी आंबट, पाणचट उतरते. तापत्या तबकडीवर ठेवलेली कॉफी अर्ध्या तासात कडवट होते, म्हणून मी तरी थर्मासवालं यंत्रच घेईन.

बोअरचं जड पाणी असेल तर आतल्या नळीत क्षार बसतात. यंत्र नेहमीपेक्षा जास्त गुरगुरू लागलं की पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून एकदा चालवा, मग दोनदा साध्या पाण्याने. आणि दूध घालायचंच असेल, तर पूड थोडी वाढवा.