शिंपल्याआधी पाणी तपासा



१९९८ सालच्या मे-जूनमध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर, ४०० हून अधिक समुद्रसिंह मेले. जे जिवंत सापडले त्यांतल्या अनेकांना झटके येत होते. त्याच सुमारास तिथल्या माँटेरे उपसागरात स्यूडो-निट्झिया ऑस्ट्रालिस नावाचं सूक्ष्म शैवाल बेसुमार वाढलं होतं. हे शैवाल डोमोइक आम्ल तयार करतं आणि हे आम्ल मेंदूला विषारी असतं. शैवाल अँकोव्ही माशांनी खाल्लं, मासे समुद्रसिंहांनी खाल्ले, आणि विष वरपर्यंत पोचलं.

या विषाची ओळख जगाला ११ वर्षं आधीच झाली होती. १९८७ साली कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन १०० हून अधिक माणसं आजारी पडली, काही दगावली, आणि वाचलेल्यांपैकी काहींची स्मृती कायमची अधू झाली. तेव्हापासून ठिकठिकाणी या विषासाठी शिंपले तपासले जाऊ लागले. शिंपला पाणी गाळूनच पोट भरतो, तेव्हा पाण्यात विष असेल तर ते त्याच्यात उतरणारच, असा हिशेब. पण १९९८ साली समुद्रसिंह मरत असताना गोळा केलेल्या शिंपल्यांत डोमोइक आम्ल जवळजवळ नव्हतंच! नुसत्या शिंपल्यांवर विसंबलं असतं तर पाणी निर्धोक ठरलं असतं. म्हणून माझं म्हणणं असं, की पहारा खुद्द शैवालावर हवा, आणि पाण्यात नेमकी कोणती जात आहे हे वेळेत कळायला हवं.

तिथेच अडचण येते. स्यूडो-निट्झिया हे डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शैवाल. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या लांबट, निमुळत्या पेशी दिसतात. एकीचं टोक दुसरीच्या टोकावर थोडंसं चढलेलं असतं, आणि अशी अख्खी साखळी काचपट्टीवर संथपणे सरकत असते. फार देखणं दृश्य असतं ते. या प्रजातीतल्या काही जाती विष बनवतात, काही बनवत नाहीत, आणि साध्या सूक्ष्मदर्शकात त्यांतल्या कित्येक एकसारख्याच दिसतात. फरक असतो तो कवचावरच्या अतिसूक्ष्म रेघांत आणि छिद्रांत. तो पाहायचा तर कवच आम्लाने स्वच्छ करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरावं लागतं. एवढं होईपर्यंत दिवस निघून जातात.

जनुकीय पद्धत इथे कामाला येते. समुद्राचं पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळायचं, पडद्यावर अडकलेल्या पेशी फोडायच्या आणि त्यांतला डीएनए वेगळा करायचा. पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोम ज्या जनुकांपासून घडतो, ती जनुकं सर्व सजीवांत असतात, पण त्यांचे काही भाग जातीगणिक बदलतात. त्या भागांच्या पीसीआरने असंख्य प्रती काढायच्या, त्यांचा क्रम वाचायचा आणि ओळख पटलेल्या शैवालांच्या नोंदींशी ताडून पाहायचा. एकाच जातीचा शोध असेल तर सगळं वाचण्याचीही गरज नाही. तिच्याच जनुकाला चिकटेल असा छोटा तुकडा तयार ठेवला की पुरतं.

शास्त्रज्ञ क्रिस स्कोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँटेरेमध्ये याच तत्त्वावर एक यंत्र बनवलं. ते समुद्रातच टांगून ठेवतात. ते स्वतः पाणी गाळतं, पेशी फोडतं, जनुकाची चाचणी करतं आणि निकाल किनाऱ्यावर पाठवतं. पुढे त्यात डोमोइक आम्ल ओळखणारी चाचणीही बसवली गेली, आणि हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. कारण विषारी जात पाण्यात असली तरी ती दर वेळी विष बनवतेच असं नाही. जनुकावरून नाव कळतं, विष किती आहे ते वेगळं मोजावं लागतं.

जनुकीय पद्धतीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, याला आणखीही कारणं आहेत. मेलेल्या पेशींचा डीएनएही पाण्यात काही काळ टिकतो. काही शैवालांच्या एका पेशीत रायबोसोमच्या जनुकांच्या हजारो प्रती असतात, तर काहींत मोजक्याच. त्यामुळे क्रमांच्या संख्येवरून पेशींची संख्या सांगणं धोक्याचं. आणि नोंदच नसेल तर ताडणार कशाशी? ‘तारा’ नावाच्या शिडाच्या संशोधन जहाजाने जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या नमुन्यांत केंद्रकयुक्त प्लवकांचे सुमारे दीड लाख जनुकीय गट असावेत, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले सुमारे एक-तृतीयांश गट कोणत्याही ज्ञात समूहात बसेनात.

नोंद तयार होते ती माणसाच्या हातून. बारीक नळीने एक पेशी उचलायची, ती जगवायची, वाढवायची, तिचं कवच पाहून नाव निश्चित करायचं आणि मगच तिचा क्रम वाचायचा. हे चिकाटीचं काम कोणतंही यंत्र आपल्यासाठी करून देत नाही.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. १९९७ साली केरळात विळिंजम इथे शिंपले खाऊन ७ माणसं गेली. ते विष निराळं, शैवालही निराळं, पण वाट तीच. आपल्या कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या, कालवं, शिणाणे घरोघरी आवडीने खाल्ले जातात. म्हणून किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. जनुकीय तंत्र जरूर शिका, पण त्याबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली शैवाल ओळखायलाही शिका, आणि आपल्या खाड्यांतल्या जाती वाढवून त्यांच्या नोंदी करायला घ्या.