उन्हाळ्यात डोळे जपा

वैशाखात आपल्या अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. अमरावतीहून एस.टी.त बसलात, की बडनेरा, मूर्तिजापूर येईतो खिडकीतल्या झळीने डोळ्यांतला ओलावा उडतो. डोळे खुपतात, वर पाणीही गळते. बरं का, ते पाणी पुष्कळदा कोरडेपणाचेच लक्षण असते! तेव्हा खिडकी लावा, दुपट्टा बांधा, चष्मा घाला. डोळे चोळू नका. पापण्या पुन्हापुन्हा मिटा. घरी कूलरचा झोत तोंडावर घेऊ नका. वाचताना पापण्या कमी लवतात, हे गुरुजींनी मुलांनाही सांगावे. कोणाचे उरलेले औषध मात्र डोळ्यांत घालू नका. त्यात स्टेरॉइड असले आणि ते फार दिवस घातले, तर काचबिंदू होऊ शकतो. त्याने गेलेली नजर परत येत नाही. दुखले, अंधुक दिसले, तर डॉक्टरच गाठा.