जलविद्युत आणि तिचा हिशेब



सूर्य, वारा आणि पाणी यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेला आपण अक्षय ऊर्जा म्हणतो. 'अक्षय' हा शब्द कानाला मोठा गोड लागतो आणि त्याबरोबर वनवासातली द्रौपदीची थाळी आठवते. पण त्या थाळीची एक अट आपण सोयीस्करपणे विसरतो. ती थाळी सूर्याने दिलेली होती आणि द्रौपदीचे जेवण झाले की त्या दिवसापुरती ती रिकामी होत असे. दुर्वास ऋषी दारात उभे राहिले ते नेमके त्यानंतर! आजच्या सौरविजेची कथा काही निराळी नाही. दुपारी थाळी भरून वाहते. आणि दिवेलागणीला, घराघरांत दिवे, पंखे नि शेगड्या एकदम सुरू होतात तेव्हा ती रिकामी असते. या संध्याकाळच्या दुर्वासांना वाढायचे काय, हा आज साऱ्या जगापुढचा प्रश्न आहे. मोठ्या धरणांचा विचार या प्रश्नाच्या संदर्भात करावा, असे मला वाटते.

धरणाच्या विजेचे तत्त्व अगदी साधे आहे. पाणी उंचावर अडवायचे, नळातून खाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर चक्र फिरवायचे. वीज किती मिळणार, हे दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती आणि उंची किती. आपल्या कोयनेचेच उदाहरण घ्या. कोयना ही खरी पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी नदी. तिचे पाणी हेळवाकजवळ अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून ते पश्चिमेला पोफळीकडे सोडले आहे. ही उडी सुमारे दीड हजार फुटांची आहे. एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी सोडले की साधारण एक युनिट वीज मिळते, म्हणजे इस्त्री तासभर चालेल एवढी. 1962 साली कोयनेची वीज सुरू झाली. पुढे एकेक टप्पा वाढत जाऊन आज केंद्राची क्षमता 1,960 मेगावॅट आहे.

आता जगाकडे पाहू. 2024 साली जगात जेवढी वीज निर्माण झाली, तिचा सुमारे सातवा हिस्सा पाण्यापासून आला. सौर आणि पवन ऊर्जेची एवढी वाढ होऊनही, एकेकट्याने पाहता, अक्षय साधनांत पाण्याचा क्रमांक त्या वर्षीही पहिलाच होता. नॉर्वेसारख्या देशाची तर बहुतेक सारी वीज पाण्याचीच. चीनमध्ये यांगत्से नदीवर 'तीन घळीं'चे धरण आहे. त्याची क्षमता 22,500 मेगावॅट, म्हणजे अकरा कोयना! ब्राझील आणि पाराग्वे यांच्या सीमेवर पाराना नदीवर इताइपूचे धरण आहे, त्याची क्षमता 14,000 मेगावॅट. क्षमतेत एवढा फरक असूनही 2016 साली इताइपूने 10,300 कोटी युनिटांच्या आसपास वीज दिली आणि चिनी धरणाला गाठले. कारण पारानाचा प्रवाह बारमाही आणि भरघोस आहे. यंत्रे माणूस बसवतो, परंतु पाणी नदी देते. तिने हात आखडला तर यंत्रांचा काय उपयोग?

हा नुसता युक्तिवाद नव्हे. आफ्रिकेत झांबेझी नदीवर 1959 साली करीबाचे धरण पुरे झाले. घनफळाने पाहिले तर मानवाने निर्माण केलेला तो सर्वांत मोठा जलाशय. झांबिया आणि झिंबाब्वे ही दोन राष्ट्रे त्याच्या विजेवर विसंबून राहिली. 2022 सालच्या अखेरीस त्यातले वापरण्याजोगे पाणी संपत आले आणि झिंबाब्वेच्या बाजूची वीजनिर्मिती थांबविण्याचा आदेश नदीच्या संयुक्त प्राधिकरणाला काढावा लागला. 2024 च्या दुष्काळात झांबियातील शहरांनी दिवसाचे बहुतेक तास अंधारात काढले. समुद्रासारखा जलाशयसुद्धा पावसापुढे अक्षय ठरत नाही.

मग धरणाचा खरा गुण कोणता? माझ्या मते तो वाट पाहण्याचा आहे. ऊन आणि वारा हे रोजंदारीचे उत्पन्न आहे. आले त्या क्षणी वापरावे लागते. धरण ही कणगी आहे. दरवाजा उघडला की काही मिनिटांत वीज हजर, बंद केला की पाणी जागच्या जागी शिल्लक. म्हणून कोयनेची यंत्रे अहोरात्र चालवायची नसतात. मागणी चढते त्या घटकेसाठी ती राखायची असतात. सौरवीज जसजशी वाढेल, तसतशी धरणाच्या एकेका युनिटाची किंमत वाढत जाणार आहे. तेच पाणी पूर्वेला सोडले तर कृष्णाकाठची शेते भिजतात; म्हणून पश्चिमेला किती वळवावे यावर लवादाने मर्यादा घातली आहे. थेंबाला दोन मागणारे असले, की थेंब जपूनच वापरावा लागतो.

आणि या कणगीची किंमत कोणी मोजली? श्रोतेहो, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो टाटा कंपनीच्या विजेच्या धरणाविरुद्धच. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली, आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. करीबासाठी तोंगा जमातीची सुमारे 57,000 माणसे उठवली गेली. चीनमध्ये 'तीन घळीं'साठी बारा लाखांहून अधिक. जागतिक धरण आयोगाने, ज्यात आपल्या मेधा पाटकरही सदस्य होत्या, 2000 साली अहवाल दिला. जगभरच्या मोठ्या धरणांनी चार ते आठ कोटी माणसे विस्थापित केली, असा त्यात अंदाज आहे. कोयनेच्या काठची गावे उठली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो 1976 साली केला. म्हणून तर कोयनेच्या विस्थापितांना 2018 सालीही कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले. धरण बांधणाऱ्यांची पिढी गेली, पण धरणे धरणाऱ्यांची तिसरी पिढी अजून उभी आहे! नदीचे पाणी दरसाल नवे येते. बुडालेले शेत, गावदेवीचे देऊळ आणि आजोबांनी लावलेला आंबा मात्र परत येत नाही. विजेला अक्षय म्हणताना या क्षयाची नोंद वहीत नको का?

याचा अर्थ धरणे वाईट, असा मी मुळीच काढत नाही. कोळसा जाळला तर त्याचाही हिशेब नातवंडांच्याच नावे पडतो. माझे सांगणे एवढेच की नवी खोरी बुडविण्याआधी आहे त्या पाण्याचा पुरता उपयोग करावा. त्याला एक मार्ग आहे. वर एक तळे, खाली एक तळे. दुपारी सौरवीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडायचे. शंभर युनिट खर्ची घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. हा तोटा खरा, पण दुपारचे अन्न संध्याकाळपर्यंत टिकविण्याची ती मजुरी समजावी. अशा योजनेला अवाढव्य जलाशय लागत नाही, कारण तेच पाणी पुन्हा पुन्हा कामाला येते. आपल्या घाटघरला 250 मेगावॅटचे असे केंद्र आहे. चीनमध्ये फेंगनिंग येथे 3,600 मेगावॅटचे आहे. सह्याद्रीचा उभा कडा ही अशा योजनांसाठी निसर्गाने दिलेली देणगीच आहे. तळी लहान असली तरी तिथेही कोणाची तरी शेते आणि कोणाचे तरी रान जाते, हे मात्र आधीच विचारात घेतले पाहिजे.

आणि जुन्या धरणांचे काय? त्यांच्या विजेचे मोल आज वाढते आहे. मग ज्यांच्या जमिनीवर हे पाणी उभे आहे, त्यांच्या देण्याचे मोल साठ वर्षांपूर्वीचेच कसे राहील? सावकाराचे कर्ज व्याजाने वाढते, मग समाजावरचे हे कर्ज तेवढे का गोठावे? संध्याकाळच्या महागड्या युनिटातला पहिला वाटा विस्थापितांच्या राहिलेल्या देण्याकडे जावा, ही मागणी दयेची नाही. साध्या हिशेबाची आहे. तो हिशेब पुरा होईल, त्या दिवशी या विजेला अक्षय म्हणण्याचा अधिकार आपल्याला येईल.