माका : ओळख आणि लागवड
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात मी एकाच रोपाविषयी बोलणार आहे. पंपरूमच्या मागे, टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी पडतं तिथे आपोआप उगवणारा माका. येत्या सर्वसाधारण सभेपुढे त्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय आहे, म्हणून आजच बोललेलं बरं.

माका म्हणजे संस्कृतातला भृंगराज, हिंदीतला भांगरा. शास्त्रीय नाव एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई यांच्याच कुळातला. या कुळाची गंमत अशी, की आपण ज्याला एक फूल म्हणतो तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. माक्याचा गुच्छ पांढरा, शर्टाच्या बटणाहूनही लहान. मुलांनो, भिंग घेऊन बघा. कडेला दोऱ्यासारख्या पाकळ्या आणि मध्ये इवली इवली नळीची फुलं दिसतील.

उभा जन्म बँकेत सह्या पडताळण्यात गेला. त्यामुळे खात्री पटल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय झाली आहे. माक्याचंही तसंच. पानं समोरासमोर, लांबट, टोकदार, देठ जवळजवळ नाहीच. हात फिरवला तर खरखरीत लागतात. खोड बहुधा तांबूस. आणि शेवटची खूण म्हणजे पान तळहातावर चुरगळा, रस थोड्या वेळात काळपट होतो. पूर्वी गोंदण्यासाठीही हा रस वापरत.

याच कुळातले तीन भाऊबंद आपल्या आवारात आहेत, त्यांच्याशी गल्लत नको. एक, एकदांडी, म्हणजेच दगडीपाला. उंच दांडीवर एकच फूल, मधोमध पिवळं. बी म्हातारीसारखं उडतं. दोन, गेटजवळ माळीबुवांनी लावलेला वेडेलिया. चकचकीत पानं, पिवळी फुलं. यालाही काही जण माका म्हणतात. तीन, गाजरगवत. पानं गाजरासारखी चिरलेली, फुलं पांढरी. भारतात त्याची नोंद पहिल्यांदा पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली. ते अंगावर पुरळ आणतं, म्हणून फुलं येण्याआधीच, हातमोजे घालून मुळासकट उपटावं.

आता लागवड. वीतभर फांदी तोडून ओल्या मातीत आडवी दाबली की पेरापेराला मुळं फुटतात. बी पेरायचं असेल तर मातीखाली गाडू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. नुसतं वर भुरभुरवा. पसरट कुंडी, अर्ध्या दिवसाचं ऊन आणि कायम ओल, एवढं पुरे. ज्यांच्या गॅलरीत एसीचं पाणी ठिबकतं, त्यांनी कुंडी तिथेच ठेवावी.

उपयोग ज्येष्ठ भगिनींना मी सांगायला नको. गणपतीच्या एकवीस पत्रींत माका आहे, श्राद्धाला लागतो, आणि खोबरेल तेलात रस घालून पाणी आटेपर्यंत उकळलं की केसांचं तेल तयार. मात्र गटाराकाठचा माका या कामाला घेऊ नये. पोटात घ्यायचं असेल तर आधी वैद्यांना विचारावं.

तरीही चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपण बाजारात पत्रीच्या जुडीला पैसे मोजतो. त्यात माका असतो की दुसराच पाला, हे फार थोडे जण बघतात. आणि आपला स्वतःचा माका, वर्षातून दोनदा गवत मारण्याच्या औषधाच्या फवाऱ्याखाली जातो.

कमिटीची अडचण मला समजते. तिथे चिखल होतो, डास होतात, कोणी घसरलं तर जबाबदारी कमिटीवर. म्हणून पेव्हर ब्लॉकला माझा विरोध नाही. चालायच्या वाटेवर जरूर बसवा. फक्त भिंतीलगतचा चार फूट पट्टा मातीचा ठेवा, पाणी साचू नये म्हणून उतार काढून द्या आणि तिथे औषध मारू नका. गाजरगवत उपटायची जबाबदारी आम्ही ज्येष्ठ नागरिक घेतो. मुलं सोबत आली तर ओळखायलाही शिकतील.

सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी मी माक्याच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. प्रत्येक घराने एक न्यावी.