परिपाठातील मौन

सकाळी शाळेची घंटा झाली, मुले मैदानावर रांगा धरून उभी राहिली, ‘सावधान’ असा हुकूम सुटला, आणि ५२ सेकंदांचे राष्ट्रगीत संपताच एखादी मुलगी पुढे येऊन, उजवा हात समोर धरून, प्रतिज्ञेचे एकेक वाक्य सांगू लागली व शे-दोनशे कोवळे कंठ ते तिच्यामागून म्हणू लागले, की आपल्या कोल्हापुरातील कोणत्याही पेठेत दिवस सुरू झाला असे समजावे. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला हे केंद्रीय शिक्षणमंत्री असताना ती देशभरच्या शाळांत रूढ झाली. मला तो परिपाठ प्रिय आहे, आणि प्रिय आहे म्हणूनच आज एक अवघड प्रश्न आपल्यापुढे ठेवतो: एखादा विद्यार्थी सर्वांबरोबर आदराने उभा राहिला, परंतु त्याने ओठ मिटूनच ठेवले, तर शाळेने काय करावे?

उत्तर शोधताना प्रथम हे आठवावे लागते की आपल्या मुलखात विद्यार्थ्यांवर बडगा उगारला गेला तो आधी गाण्याबद्दल, मौनाबद्दल नव्हे. ज्या करवीर नगरीत प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात आलेला वैदिक प्रार्थनांवरचा एक लेख इंग्रजी अमलात राजद्रोह ठरला आणि त्यापायी विजापूरकरांना तुरुंगवास भोगावा लागला, त्या नगरीला हे निराळे सांगायला नको. १९३८ च्या नोव्हेंबरात निजामाच्या राज्यात, औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील मुलांना वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याची मनाई झाली. मुलांनी ती जुमानली नाही, संप झाला, तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचला, आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी करण्यात आली. त्यांतील बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक होत. पुढे बाराएक वर्षांत, २४ जानेवारी १९५० रोजी, राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत त्याच गीताला राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान जाहीर केला. गीत तेच राहिले, सरकार मात्र बदलले. आणि त्या मुलांचा जो हक्क निजामाने नाकारला तो गीत चांगले होते म्हणून खरा नव्हता, तर आपल्या अंतःकरणातले बोलावे की न बोलावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते म्हणून खरा होता.

आता १९८५ सालच्या केरळकडे या. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे, एक दहावीत, एक नववीत आणि एक पाचवीत, राष्ट्रगीताच्या वेळी रोज ताठ उभी राहत, मात्र गात नसत. ईश्वराखेरीज अन्य कोणाची स्तुती गाणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. एका आमदाराच्या नजरेला हे आले, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी बसली. चौकशीत मुले कायदा पाळणारी आहेत आणि त्यांच्या हातून बेअदबी घडलेली नाही असेच निष्पन्न झाले, तरीही शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून २६ जुलै रोजी मुख्याध्यापिकेने तिघांना शाळेतून काढले. प्रकरण न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने राष्ट्रगीतातील शब्द तपासून त्यांत कोणाच्या धर्माला बाधक असे काही नाही, असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी ११ ऑगस्ट १९८६ रोजी ही दृष्टीच चुकीची ठरवली: श्रद्धा आपल्याला पटते की नाही हा सवाल नाही, ती प्रामाणिक आहे की नाही, एवढाच सवाल आहे. आदराने उभे राहिल्यावर न गाणे हा अपमान नव्हे. १९७१ चा कायदा राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला शिक्षा सांगतो, न गाणाऱ्याला नाही. आणि खात्याने आधार घेतलेले परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, त्याच्या जोरावर नागरिकाचे भाषणस्वातंत्र्य आखडता येत नाही. मुलांना परत घ्या, त्यांच्या शिक्षणात अडथळा आणू नका, असा आदेश झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही, महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली ध्वजवंदनाची सक्ती अशीच रद्द केली होती, आणि तीही स्वतःचाच तीन वर्षांपूर्वीचा निकाल फिरवून.

शिस्तीचे काय, असे शिक्षक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. परिपाठात गोंगाट करणाऱ्याला, दुसऱ्याच्या गाण्यात विघ्न आणणाऱ्याला शाळेने अवश्य रोखावे. तेथे मौनाचा प्रश्नच नसतो. परंतु शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला, त्या सक्तीचा हेतू एकही पोर शाळेबाहेर राहू नये हा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. जेथे यायचे की नाही हे मुलाच्या हाती नाही, तेथे त्याच्या मुखातून काय वदवून घ्यावे याबाबत शाळेने अधिकच संकोच बाळगावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून उद्या आपल्या एखाद्या शाळेत असे मूल आढळले, तर वर्गशिक्षकांनी त्याला रांगेतून बाहेर न काढता, चारचौघांत जाब न विचारता, परिपाठ आटोपल्यावर शांतपणे कारण विचारावे, पालकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, आणि प्रतिज्ञेतील शब्दांचा अर्थ त्याला इतरांइतक्याच आस्थेने समजावून द्यावा. एवढे झाल्यावरही ते गप्प राहिले तर राहू द्यावे. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढण्याची मुभा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कोणत्याही मुख्याध्यापकाला ठेवलेली नाही, आणि त्याला मानसिक त्रास देण्याचीही नाही.